राखीव वनापासून आरेपर्यंत : नागरी वनांच्या रक्षणासाठी झालेल्या नागरिक चळवळीचा ऐतिहासिक अभ्यास

प्रास्ताविक

महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात जंगलाचा विचार बहुतांशी ग्रामीण व आदिवासी जीवनाच्या संदर्भात झाला आहे. मेळघाट, गडचिरोली, नवेगावबांध, नागझिरा ही नावे घेतली की जंगल डोळ्यांसमोर उभे राहते. मुंबई, पुणे, नागपूर ही नावे घेतली असता मात्र जंगल आठवत नाही. शहर आणि जंगल हे परस्परविरोधी शब्द आहेत, असाच सर्वसाधारण समज आहे. तथापि एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात महाराष्ट्रातील सर्वाधिक गाजलेला वनविषयक संघर्ष कोणत्याही दुर्गम खोऱ्यात झाला नाही. तो मुंबईच्या गोरेगाव उपनगरात, आरे दुग्ध वसाहतीच्या भूमीवर झाला.

या संघर्षाच्या केंद्रस्थानी वरकरणी एक साधा प्रश्न होता, तो म्हणजे मेट्रो रेल्वेची कारशेड कोठे बांधावी. या प्रश्नाच्या तळाशी दुसरा, अधिक मूलभूत प्रश्न दडलेला होता. जंगल कशाला म्हणावे आणि ते ठरविण्याचा अधिकार कोणाचा? शासकीय नोंदीत ज्या जमिनीवर 'वन' असा शिक्का नाही, तेथे हजारो झाडे, बिबट्यांचा वावर आणि आदिवासींचे पाडे असले तरी ते जंगल ठरते की नाही, या प्रश्नाभोवती नागरिक, शासन आणि न्यायसंस्था एका दशकाहून अधिक काळ गुंतून राहिले. प्रस्तुत निबंधात या चळवळीचा ऐतिहासिक क्रमाने आढावा घेऊन तिच्या यशापयशाचे मूल्यमापन करण्यात आले आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) नागरी वनांच्या रक्षणाच्या चळवळीची ऐतिहासिक पार्श्वभूमी स्पष्ट करणे.
२) आरे आंदोलनाच्या विविध टप्प्यांचा कालानुक्रमे अभ्यास करणे.
३) या आंदोलनात नागरिकांनी वापरलेल्या कायदेशीर व सामाजिक साधनांचे सामर्थ्य व मर्यादा तपासणे.
४) विकसित होत असलेल्या लहान शहरांच्या, विशेषतः गोंदियासारख्या शहरांच्या संदर्भात या अनुभवाचा बोध शोधणे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

ब्रिटिश राजवटीत १८७८ च्या आणि त्यानंतर १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने 'राखीव वन' ही संकल्पना दृढ केली. पिढ्यान्‌पिढ्या ज्या रानातून गवत, सरपण, मोहफुले आणली जात होती, ते रान एका अधिसूचनेने सरकारी मालकीचे झाले. त्यात पाऊल टाकणे हा गुन्हा ठरला. या अन्यायाविरुद्धचा असंतोष सविनय कायदेभंगाच्या पर्वात जंगल सत्याग्रहाच्या रूपाने प्रकट झाला. विदर्भाला समुद्रकिनारा नाही, त्यामुळे येथे मिठाऐवजी जंगलाचा कायदा मोडावा, असे ठरले. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसद येथे राखीव जंगलातील गवत कापून सत्याग्रह केला. त्याच वर्षी २५ सप्टेंबर रोजी कुलाबा जिल्ह्यातील चिरनेर येथील सत्याग्रहात गोळीबार झाला आणि सत्याग्रहींना हौतात्म्य आले.

या सत्याग्रहाचे हत्यार विळा हे होते. गवत कापणे हाच त्याचा विधी होता. वापराचा हक्क परत मिळविणे हे त्याचे ध्येय होते, केवळ झाड वाचविणे हे नव्हे. स्वातंत्र्योत्तर काळात चित्र पालटले. १९७३ मध्ये उत्तराखंडातील चमोली जिल्ह्यात चिपको आंदोलन सुरू झाले आणि १९७४ मध्ये रैणी गावात गौरादेवींच्या नेतृत्वाखाली स्त्रियांनी ठेकेदाराच्या माणसांना परतवून लावले. १९८३ मध्ये कर्नाटकातील सिरसी परिसरात अप्पिको चळवळ उभी राहिली. विदर्भात त्याच दशकात इंचमपल्ली व भोपालपट्टनम या धरणांच्या विरोधात बाबा आमटे यांच्या सहभागाने 'जंगल बचाव, मानव बचाव' ही हाक उठली. वापराचा हक्क आणि रक्षणाची जबाबदारी या दोन्ही गोष्टी या चळवळींत एकत्र आल्या. पुढे वन हक्क अधिनियम, २००६ नुसार गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तो याच प्रवाहाचा परिपाक होय.

शहरातील पर्यावरण चळवळीचा उगम मात्र वेगळा आहे. तिचा कार्यकर्ता बहुधा शिक्षित मध्यमवर्गीय असतो. त्याचे मुख्य साधन जनहित याचिका हे असते. या प्रवाहाची एक दुखरी बाजूही नोंदविणे आवश्यक आहे. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील अतिक्रमणांविरुद्ध बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपने १९९५ मध्ये याचिका दाखल केली. ७ मे १९९७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अतिक्रमणे हटविण्याचे आदेश दिले आणि त्यानंतरच्या वर्षांत हजारो झोपड्या पाडल्या गेल्या. उद्यान राखले गेले, परंतु त्याची किंमत शहरातील सर्वांत गरीब माणसांनी मोजली. 'हरित' विरुद्ध 'गरीब' अशी ही फूट आरे आंदोलनाच्या काळात कितपत सांधली गेली, हा पुढील विवेचनातील महत्त्वाचा मुद्दा आहे.

कायद्याची चौकट

नागरी वृक्षांच्या संदर्भात महाराष्ट्रात मूलभूत कायदा म्हणजे महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ हा होय. या कायद्यानुसार नागरी स्थानिक संस्थांमध्ये वृक्ष प्राधिकरण स्थापन होते. वृक्षतोडीचा प्रस्ताव आल्यास जाहीर नोटीस देऊन हरकती मागविल्या जातात. २०२१ मध्ये या कायद्यात दुरुस्ती होऊन पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडास 'प्राचीन वृक्ष' म्हणून मान्यता देण्यात आली आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची तरतूद झाली.

दुसरा आधार वन (संवर्धन) अधिनियम, १९८० हा आहे. टी. एन. गोदावर्मन प्रकरणात १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे स्पष्ट केले की, मालकी कोणाचीही असो, शब्दकोशातील अर्थानुसार जे जंगल आहे त्यालाही हा कायदा लागू होईल. या एका निर्णयामुळे देशभरातील नोंद नसलेल्या जंगलांना कायद्याचे छत्र मिळण्याची वाट मोकळी झाली. २०२३ च्या दुरुस्तीने हे छत्र संकुचित होईल अशी भीती व्यक्त झाली, तेव्हा १९ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेशाद्वारे १९९६ चीच व्याख्या तूर्त पाळण्यास सांगितले. आरेची बाजू मांडणाऱ्यांचा सारा भर याच व्याख्येवर होता.

आरे : दुग्ध वसाहतीपासून वादभूमीपर्यंत

स्वातंत्र्यानंतर मुंबईला स्वच्छ दूध मिळावे आणि शहरातील गुरांचे तबेले बाहेर हलवावेत, या हेतूने १९४९ मध्ये आरे दुग्ध वसाहतीची स्थापना झाली. १९५१ मध्ये पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते तिचे उद्‌घाटन झाले. या योजनेमागे दारा खुरोडी यांची दृष्टी होती. पुढे १९६३ मध्ये त्यांना वर्गीस कुरियन व त्रिभुवनदास पटेल यांच्यासमवेत रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. वसाहतीचे क्षेत्र सुमारे १,२८७ हेक्टर असून ते राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे. वसाहत होण्यापूर्वीपासून येथे वारली, कोकणा, मल्हार कोळी, काटकरी आदी समाजांचे पाडे आहेत. त्यांची संख्या सत्तावीस सांगितली जाते.

दुग्ध वसाहतीच्या जमिनीचे तुकडे कालांतराने अन्य कामांसाठी दिले जाऊ लागले. १९७७ मध्ये चित्रनगरी आली, त्यानंतर अन्य शासकीय संस्थांनाही जागा मिळाल्या. प्रत्येक वेळी मागितलेला तुकडा एकूण क्षेत्राच्या मानाने लहान होता. शासनाचा युक्तिवादही नेमका हाच असे की, एवढ्या मोठ्या वसाहतीतून एवढीशी जागा गेल्याने काय बिघडणार? नागरिकांचे उत्तर असे होते की, जंगल एकदम जात नाही, ते तुकड्यातुकड्यानेच जाते.

मिठी नदीचा प्रश्नही यात गुंतलेला होता. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठीच्या पुराने मुंबईची दाणादाण उडविली. त्या आपत्तीनंतर पाणी मुरविणाऱ्या मोकळ्या जमिनीचे मोल मुंबईकरांना प्रत्यक्ष अनुभवाने कळले. कारशेडसाठी निवडलेली जागा मिठीच्या पाणलोटात होती, हा मुद्दा त्यामुळे लोकांच्या मनाला थेट भिडला.

आंदोलनाचे टप्पे

पहिला टप्पा (२०१४ ते २०१८) : कुलाबा-वांद्रे-सीप्झ ही ३३.५ किलोमीटर लांबीची, जवळजवळ संपूर्ण भुयारी मेट्रो-३ मार्गिका मंजूर झाली आणि तिच्या कारशेडसाठी आरेतील सुमारे ३३ हेक्टर जागा ठरली. सव्वादोन हजारांहून अधिक झाडांवर गदा येणार असल्याचे जाहीर होताच विरोध सुरू झाला. 'वनशक्ती' ही संस्था आणि 'आरे कन्झर्व्हेशन ग्रुप' हा नागरिकांचा गट पुढे आला. २०१५ मध्ये शासनाने तांत्रिक समिती नेमली. समितीतील नागपूरच्या नीरी संस्थेचे व आयआयटी मुंबईचे तज्ज्ञ यांनी आरेच्या जागेबाबत वेगळे मत नोंदविले. कांजूरमार्गची जागा हा पर्याय याच समितीच्या अहवालातून ठळकपणे पुढे आला. तथापि त्या जागेच्या मालकीचे वाद चालू असल्याने शासन आरेवर ठाम राहिले. ५ डिसेंबर २०१६ रोजी राष्ट्रीय उद्यानाभोवतीच्या पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राची अधिसूचना निघाली, तेव्हा आरेतील १६५ हेक्टर जमीन त्यातून वगळण्यात आली. २०१७ मध्ये कारशेडच्या जमिनीचे 'ना विकास क्षेत्र' हे आरक्षण बदलण्यात आले. त्याविरुद्धची याचिका ऑक्टोबर २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने फेटाळली.

दुसरा टप्पा (२०१९) : मुंबई महानगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणापुढे या प्रस्तावावर ८२ हजारांहून अधिक हरकती आल्या. एका वृक्षतोडीच्या प्रस्तावावर इतक्या नागरिकांनी लेखी मत नोंदवावे, ही महाराष्ट्राच्या नागरी इतिहासातील असामान्य घटना होय. असे असतानाही २९ ऑगस्ट २०१९ रोजी प्राधिकरणाने २,१८५ झाडे तोडण्यास व ४६१ झाडांच्या पुनर्रोपणास मंजुरी दिली. त्यानंतरच्या आठवड्यांत भर पावसात आरेच्या रस्त्यावर मानवी साखळ्या उभ्या राहिल्या. शाळकरी मुले, महाविद्यालयीन विद्यार्थी, नोकरदार आणि पाड्यांवरील आदिवासी स्त्रिया त्यांत एकत्र होत्या.

४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने सर्व याचिका फेटाळल्या. आरे हे जंगल आहे काय, हा विषय सर्वोच्च न्यायालय व हरित न्यायाधिकरण यांच्यापुढे असल्याने त्यात न्यायालय शिरले नाही. त्याच रात्री यंत्रकरवती चालू झाल्या. वार्ता पसरताच लोक आरेकडे धावले. जमावबंदीचा आदेश लागू करून रस्ते रोखण्यात आले आणि २९ आंदोलकांना अटक झाली. न्यायालयांना दसऱ्याची सुटी होती. विधी शाखेच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. त्या पत्राचीच याचिका करून घेऊन ७ ऑक्टोबर रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या विशेष खंडपीठाने सुनावणी घेतली आणि पुढील वृक्षतोड थांबविली. तोपर्यंत २,१४१ झाडे पडली होती. दुसऱ्या दिवशी दसरा होता. आपट्याची पाने सोने म्हणून वाटण्याच्या सणाच्या आदल्या दिवशी राज्याच्या राजधानीत झाडांचा हिशेब न्यायालयात मांडला जात होता.

तिसरा टप्पा (२०१९ ते २०२५) : सत्ताबदलानंतर २९ नोव्हेंबर २०१९ रोजी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी कारशेडच्या कामास स्थगिती दिली. आंदोलकांवरील गुन्हे मागे घेण्याचीही घोषणा झाली. ऑक्टोबर २०२० मध्ये कारशेड कांजूरमार्गला हलविण्याचा निर्णय झाला व आरेतील सुमारे ८०० एकर जमीन राखीव वन करण्याचे घोषित करण्यात आले. पुढे ८१२ एकर जमीन वन विभागाच्या ताब्यात आली. १६ डिसेंबर २०२० रोजी उच्च न्यायालयाने कांजूरमार्गच्या जागेवरील कामास स्थगिती दिली आणि प्रकल्प अडकून पडला. जून २०२२ मध्ये पुन्हा सत्ताबदल झाला आणि कारशेड आरेतच करण्याचा निर्णय घेण्यात आला. २९ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी ८४ झाडांसाठी वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करण्याची मुभा दिली. प्रत्यक्षात १७७ झाडांची परवानगी घेण्यात आली. १७ एप्रिल २०२३ रोजी न्यायालयाने यावर ताशेरे ओढून मेट्रो महामंडळास दहा लाख रुपये भरण्यास सांगितले, मात्र झाडे काढण्यास संमतीही दिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा पहिला टप्पा आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये संपूर्ण मार्ग प्रवाशांसाठी खुला झाला.

आंदोलनाचे स्वरूप व साधने

या आंदोलनात तीन साधने एकाच वेळी वापरली गेली. पहिले साधन म्हणजे न्यायालयीन लढा. दुसरे, वृक्ष प्राधिकरणापुढील लेखी हरकती. तिसरे, रस्त्यावरील शांततामय उपस्थिती. यांपैकी कोणतेही एक साधन पुरेसे ठरले नाही. हरकती हजारोंनी आल्या, परंतु हरकतींचा विचार करणे प्राधिकरणावर बंधनकारक असले तरी त्या मान्य करणे बंधनकारक नव्हते. न्यायालयाने कागदपत्रांची वैधता तपासली. मात्र झाडांच्या समूहाला जंगल म्हणावे की नाही, या मूळ प्रश्नावर तोड होण्यापूर्वी निर्णय मिळाला नाही. रस्त्यावरील माणसांना अडथळ्यांमागे थांबविता आले.

४ ते ७ ऑक्टोबर २०१९ या तीन दिवसांचा अर्थ येथे नीट समजून घेतला पाहिजे. उच्च न्यायालयाचा निर्णय आणि वरच्या न्यायालयात दाद मागण्याची संधी यांच्यामध्ये जो अवधी असतो, त्यातच जवळजवळ सारी झाडे गेली. इमारत बेकायदा ठरली तर पाडता येते, पैसा चुकीचा दिला तर परत घेता येतो. तोडलेले झाड मात्र कोणत्याही निकालाने परत उभे राहत नाही. ज्या विषयात हानी अपरिवर्तनीय असते, त्या विषयात अपिलाचा अवधी हाच न्यायाचा गाभा असतो. हा अवधी कायद्याने सुरक्षित न करणे ही नागरी वृक्षविषयक कायद्यातील सर्वांत मोठी उणीव आरेने उघड केली.

आदिवासी पाड्यांचा सहभाग हे या आंदोलनाचे दुसरे वैशिष्ट्य होय. राष्ट्रीय उद्यानाच्या प्रकरणात मध्यमवर्गीय पर्यावरणवादी आणि जंगलातील रहिवासी समोरासमोर उभे होते. आरेत ते एका बाजूला आले. मेट्रोच्या कामासाठी प्रजापूरपाड्यातील कुटुंबांना आपली जागा सोडावी लागली होती. त्यामुळे शहरवासीयांसाठी जो हवेचा व पाण्याचा प्रश्न होता, तो पाड्यांसाठी घराचा व शेताचा प्रश्न होता. वाघोबाची पूजा करणारा वारली समाज बिबट्याच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहत आला आहे. 'येथे जंगल नाही' या शासकीय विधानाला पाड्यांवरील दैनंदिन जीवन हेच सर्वांत ठोस उत्तर होते.

येथे इतिहासातील एक उपरोध लक्षात येतो. १९३० मध्ये विदर्भातील जनतेने 'राखीव वन' या तरतुदीविरुद्ध कायदेभंग केला. २०२० मध्ये मुंबईच्या नागरिकांनी त्याच १९२७ च्या अधिनियमाखाली 'राखीव वन' घोषित होण्याचे स्वागत केले. जो शिक्का एकेकाळी लोकांना जंगलाबाहेर काढण्यासाठी मारला गेला, तोच आता जंगल वाचविण्याचे शेवटचे साधन ठरला. तथापि हा शिक्का बदललेला नाही. अधिनियमाच्या कलम ४ नुसार अधिसूचना निघाल्यावर त्या भूमीवरील हक्कांची चौकशी होऊन मगच अंतिम घोषणा व्हावयाची असते. वन हक्क अधिनियम, २००६ नुसार पाड्यांचे हक्क निश्चित न करता राखीव वनाची सीमा आखली गेली, तर आंदोलनात खांद्याला खांदा लावून उभे राहिलेलेच उद्या अतिक्रमक ठरू शकतात. नागरिक चळवळीची खरी कसोटी येथे आहे.

प्रतिवादाचा विचार

मेट्रोच्या समर्थकांची बाजू दुर्लक्षिण्याजोगी नाही. मुंबईच्या उपनगरी गाड्यांतील जीवघेणी गर्दी सर्वश्रुत आहे. भुयारी मेट्रोमुळे रस्त्यावरील वाहने कमी होतील व हवेचे प्रदूषण घटेल, हा युक्तिवाद पर्यावरणाच्याच भाषेत मांडला गेला. प्रकल्पाचा मूळ अंदाज २३,१३६ कोटी रुपयांचा होता, तो पुढे ३७ हजार कोटींच्या वर गेला. या वाढीला विलंबाचाही हातभार लागला, हे मान्य करावे लागते.

तथापि आंदोलकांनी मेट्रोला विरोध केला नव्हता, कारशेडच्या जागेला केला होता, हा भेद सार्वजनिक चर्चेत वारंवार पुसला गेला. 'विकास की पर्यावरण' अशी मांडणी केली की नागरिकाला एका बाजूला ढकलणे सोपे जाते. पर्यायी जागांचा खुला व सखोल विचार प्रकल्पाच्या आरंभीच, जमीन निश्चित होण्यापूर्वी झाला असता, तर झाडेही वाचली असती आणि कदाचित काळ व पैसाही. दुसरा प्रतिवाद नव्या वृक्षलागवडीचा असतो. एका झाडाच्या बदल्यात अनेक रोपे हे गणित कागदावर आकर्षक दिसते. परंतु रोप म्हणजे झाड नव्हे आणि रांगेत लावलेली झाडे म्हणजे जंगल नव्हे. गवत, झुडपे, किडे, पक्षी, ओढे यांची दीर्घकाळ विणली गेलेली वीण दुसऱ्या जागी लावता येत नाही.

महाराष्ट्रातील समांतर चळवळी

आरेचा लढा एकटा नाही. पुण्यात हद्दीलगतच्या २३ गावांच्या विकास आराखड्यातील टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण राखण्यासाठी नागरिकांनी दीर्घकाळ पाठपुरावा केला. २०१५ मध्ये शासनाने ९७८ हेक्टरवरील हे आरक्षण मान्य केले. २०२३ च्या एप्रिल महिन्यात वेताळ टेकडीवरील नियोजित रस्त्याविरुद्ध पुणेकरांनी मोठी फेरी काढली. नाशिकच्या तपोवनात सिंहस्थ कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी झाडे तोडण्याचा प्रस्ताव २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये आला, तेव्हाही नागरिकांनी तीव्र विरोध केला.

विदर्भाच्या दृष्टीने नागपूरचे उदाहरण अधिक जवळचे आहे. अजनी येथील रेल्वे वसाहतीच्या जुन्या वृक्षराजीवर इंटरमॉडेल स्टेशनचा प्रकल्प नियोजित होता. २०२१ मध्ये नागरिकांनी या परिसराला 'अजनी वन' असे नाव देऊन आंदोलन उभारले आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेले. नियोजित स्वरूपात तो प्रकल्प तेथे उभा राहिला नाही. येथे नामकरणाचे सामर्थ्य दिसून येते. कागदोपत्री जी रेल्वेची जमीन होती, ती लोकांच्या तोंडी 'वन' झाली आणि लोकांना वाचविण्याजोगे काहीतरी आपले आहे, ही जाणीव त्या शब्दाने दिली.

गोंदिया व फुलचूर परिसराच्या संदर्भात

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा वनसंपदा व तलाव यांसाठी प्रसिद्ध आहे. कोहळी समाजाने बांधलेले मालगुजारी तलाव, १९७० मध्ये घोषित झालेले नागझिरा अभयारण्य, १९७५ चे नवेगाव राष्ट्रीय उद्यान आणि या दोहोंना सामावून घेणारा २०१३ चा व्याघ्र प्रकल्प हे जिल्ह्याचे वैभव होय. महाराष्ट्रात सारस पक्ष्याचे अस्तित्व मुख्यतः याच जिल्ह्यात टिकून आहे आणि ते धानाच्या बांध्या, बोड्या व तलाव यांच्या आधाराने, म्हणजे राखीव वनाच्या सीमेबाहेर, टिकून आहे. जे जपावयाचे ते सर्व वन विभागाच्या नकाशात सापडतेच असे नाही, याचा हा जिवंत दाखला आहे.

वनसमृद्ध जिल्ह्यात शहरातील झाडांकडे दुर्लक्ष होण्याचा धोका अधिक असतो. जंगल 'तिकडे' आहे, या समजुतीमुळे 'इकडचे' चिंच, कडुलिंब, आंब्याची अमराई, तलावाची पाळ यांचे मोल कळत नाही. गोंदिया शहराला लागून असलेल्या फुलचूरसारख्या गावांचा प्रश्न तर आणखी वेगळा आहे. शहर वाढते तसे रस्ते रुंद होतात, शेतजमिनी अकृषक होतात आणि भूखंड पडतात. १९७५ च्या कायद्यातील वृक्ष प्राधिकरण व जाहीर हरकती ही व्यवस्था नागरी क्षेत्रांसाठी आहे. ग्रामीण हद्दीत प्रामुख्याने महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ लागू होतो. त्याचा भर अनुसूचित प्रजातींच्या तोडीच्या परवानगीवर आहे. शहरासारखी वाढणारी, परंतु नागरी कायद्याच्या बाहेर राहणारी गावे या दोन कायद्यांच्या फटीत सापडतात.

अशा ठिकाणी ग्रामसभा आणि जैवविविधता अधिनियम, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत अपेक्षित असलेली जैवविविधता व्यवस्थापन समिती ही दोन साधने हाताशी आहेत. लोक जैवविविधता नोंदवहीत गावातील जुनी झाडे, बोड्या व पाणवठे यांची काळजीपूर्वक नोंद झाली, तर प्रकल्प येण्यापूर्वीच पुरावा तयार राहतो. आरेत जंगल असल्याचे सिद्ध करण्याचे ओझे प्रकल्प आल्यानंतर नागरिकांवर पडले. ते ओझे आधीच उतरवून ठेवणे हे या अनुभवाचे सर्वांत व्यावहारिक सार आहे. या नोंदणीच्या कामी महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, भूगोल, इतिहास या विभागांना व राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकांना मोलाची भूमिका बजावता येईल.

निष्कर्ष

१) नागरी वनांसाठीची चळवळ ही जंगल सत्याग्रहाची थेट वारस नसली, तरी जंगलावर अंतिम अधिकार कोणाचा, हा दोन्हींचा मूळ प्रश्न एकच आहे.
२) आरे आंदोलनाला कारशेड रोखता आली नाही. तथापि ८१२ एकर क्षेत्र वन विभागाकडे येणे हे या आंदोलनाच्या दबावाविना घडले असते, असे म्हणता येत नाही. त्यामुळे या आंदोलनाला केवळ अपयशी ठरविणे इतिहासाला धरून होणार नाही.
३) न्यायालयीन निर्णय व अपील यांमधील काळात वृक्षतोडीस कायद्याने मनाई असणे अत्यावश्यक आहे.
४) हरकती मागविण्याची प्रक्रिया जागा निश्चित झाल्यानंतर न होता पर्यायांचा विचार चालू असतानाच व्हावयास हवी.
५) जंगलातील रहिवाशांच्या हक्कांची निश्चिती झाल्याविना नागरी वनाचे संरक्षण न्याय्य ठरत नाही.
६) शहरालगतच्या गावांसाठी वृक्षसंरक्षणाची स्वतंत्र तरतूद आणि स्थानिक नोंदणी यांची गरज आहे.

आरेतून आज गाड्या धावत आहेत आणि त्याच वसाहतीच्या पाड्यांवर अजूनही वाघोबाची पूजा होते. या दोन्ही गोष्टी एकाच शहराच्या आहेत. २०१९ मध्ये पडलेल्या २,१४१ झाडांची नोंद न्यायालयाच्या कागदांत राहिली, कारण ती मोजणारे व त्यासाठी अटक पत्करणारे नागरिक होते. महाराष्ट्रातील अनेक लहान शहरांच्या वेशीवरची झाडे मात्र कोणत्याही नोंदीशिवाय जात आहेत. त्यांची मोजणी करण्यापासूनच त्यांच्या रक्षणाचा इतिहास सुरू होऊ शकेल.